धूर मोजणाऱ्या मठपती सिस्टर

मठपती सिस्टर कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी विजेचा मीटर शोधायच्या. माझ्या पुतणीच्या लग्नात, नांदेडच्या एका मंगल कार्यालयात, लोक अक्षतांसाठी पुढे सरकत होते आणि या बाई जिन्याखाली वाकून मीटर बघत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "जोशीसाहेब, बघा कसा पळून राहिला. आपल्या ग्रामीण रुग्णालयाचा बी एवढा पळत न्हाई." मग कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या, जेवण कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं आणि पंगतीत जाऊन बसल्या.

शिवकांता मठपती हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या शिरूर अनंतपाळच्या. उंच, सावळ्या, आवाज खालच्या पट्टीतला. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. तीस वर्षांची नोकरी झाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो थकवा बसतो तो त्यांच्या चेहऱ्यावर फार आधीच बसला असावा. पण त्यांच्या थकव्याची एक गंमत होती. काम संपलं की त्या खुर्चीत टेकायच्या, डोळे मिटायच्या, "दमले बाई" म्हणायच्या, आणि पाचच मिनिटांनी उठून म्हणायच्या, "चला, दमायला अजून लई येळ हाय."

माझी त्यांची गाठ पडली ती एका प्रकल्पामुळे. मी आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक. एक दिवस मला सांगण्यात आलं की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांचा कार्बन ठसा मोजायचा आहे आणि तो कमी करायचा आहे. दवाखान्याला वीज लागते, जनरेटरला डिझेल लागतं, रुग्णवाहिका पळतात, कचरा जळतो, भुलीचे वायू हवेत जातात. या सगळ्यातून किती कार्बन निघतो ते एका आकड्यात आणायचं. बाहेरून पैसे आलेले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. जुन्या लसभांडाराशेजारची एक खोली मिळाली, दोन टेबलं मिळाली. माणसं मात्र कुणी द्यायला तयार नव्हतं. शेवटी एका मोठ्या रुग्णालयाने आपल्या ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टरला कक्षप्रमुख म्हणून आमच्याकडे पाठवलं. का पाठवलं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या फार प्रश्न विचारायच्या.

छापील फॉर्म समोर ठेवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेशंट कसा आला ते कुठं लिहायचं?"

मी म्हणालो, "ते यात नाही. फक्त आपल्या गाड्यांचं."

"का बरं? बिलोलीकडची बाई एका सोनोग्राफीसाठी जीपनं नांदेडला जाती. संगं सासू, जाऊ, एखादं लेकरू. तिथं नंबर लागत न्हाई, दुसऱ्या दिवशी परत. तो धूर कुणाचा?"

"फॉर्ममध्ये रकाना नाही, सिस्टर."

त्यांनी माझ्या टेबलावरची पट्टी घेतली आणि फॉर्मच्या उजव्या कडेला पेनाने एक रेघ मारली. "आता हाय," म्हणाल्या. पुढे चार वर्षं आमचे सगळे फॉर्म त्या हाताने मारलेल्या रेघेसकट छापले गेले. अंतिम अहवालात मात्र तो रकाना गाळला गेला. एकसारखी पद्धत राहावी म्हणून, असं उत्तर आलं.

मोजायला त्या स्वतः जायच्या. आकडे फोनवर मागवायचे नाहीत, हा त्यांचा नियम. "फोनवर माणूस आठवून सांगतो. मीटर आठवून सांगत न्हाई." जनरेटरच्या पत्र्यावर तळवा ठेवून तो शेवटचा कधी चालला असेल ते त्या अंदाजाने सांगायच्या आणि मग लॉगबुकातली नोंद बघायच्या. दोन्ही जुळलं नाही की चौकीदाराशी त्यांचं हळू आवाजात बोलणं व्हायचं. त्या कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही.

भुलीच्या वायूचं प्रकरण त्यांनी असंच शोधलं. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरतात. हवेत गेला की तो कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पटीने तापवतो, हे मला या प्रकल्पात पहिल्यांदा कळलं. सिस्टर आधी जिथे होत्या त्याच रुग्णालयात रंगकामासाठी ऑपरेशन थिएटर आठवडाभर बंद होतं, तरी त्या आठवड्यात सिलिंडर नेहमीइतकेच रिकामे झाले होते. मी कागदावर चूक असेल म्हणून पुढे गेलो. सिस्टर थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्या दाढीचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन तिथे गेल्या. सिलिंडरच्या खोलीपासून थिएटरपर्यंत भिंतीतून नळी गेलेली होती. स्टुलावर चढून त्या एकेका सांध्याला फेस लावत गेल्या. कुठे बारीक, कुठे बोराएवढे बुडबुडे येत होते.

भूलतज्ज्ञ डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "सिस्टर, मी वीस वर्षं इथं भूल देतोय," ते म्हणाले.

"हाव डॉक्टर. पण पेशंटपर्यंत पोचायच्या आधी निम्मी भिंतीलाच देऊन राहिलात."

डॉक्टरांना राग आला, पण हसूही आलं. महिनाभर वाद चालला. शेवटी नळी कायमची बंद झाली आणि लागेल तेव्हा टेबलाशेजारी छोटा सिलिंडर ठेवायचं ठरलं. काम एका पान्याचं होतं. मी गणित केलं तेव्हा त्या एका नळीतून गळणारा वायू आमच्या कित्येक रुग्णवाहिकांच्या धुराहून भारी निघाला. मी तो आकडा त्यांना कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्षं मी त्या खोलीत हुभी होते आन् मला वास आला न्हाई."

ते दिवस लातुरात क्लासेसच्या भरभराटीचे होते. बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला येत होती, गल्लीगल्लीत वसतिगृहं उठत होती, जुन्या घरांवर पत्र्याचे मजले चढत होते. माझी धाकटी लेकही त्या शर्यतीत होती. शहरातल्या आमच्या एका दवाखान्याचा जनरेटर परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत जास्त चालतो, असं सिस्टरांच्या लक्षात आलं. दवाखान्याच्या वीजवाहिनीवरच शेजारी एक चार मजली क्लास उभा राहिला होता. त्याचे एसी एकदम सुरू झाले की वीज जायची. त्या मला घेऊन तिथल्या संचालक सरांकडे गेल्या.

सरांनी चहा मागवला. "सिस्टर, उद्याचे डॉक्टर इथंच घडून राहिलेत," ते अभिमानाने म्हणाले.

"घडू द्या की," सिस्टर म्हणाल्या. "फक्त सकाळी आमचं ऑपरेशन चालू असतं तेवढा येळ वरच्या दोन मजल्यांचे एसी बंद ठेवा. तुमच्या उद्याच्या डॉक्टरांपायी आमचा आजचा पेशंट टेबलावर उकडून राहिला."

सरांनी हो म्हटलं आणि आठवडाभरात विसरले. मग सिस्टर दर सोमवारी तिथे जायच्या, चहा घ्यायच्या, तेच वाक्य म्हणायच्या आणि परत यायच्या. पाच महिने गेल्या. शेवटी सरांनीच कंटाळून क्लाससाठी वेगळी वाहिनी घेतली. "मी भांडले न्हाई," त्या मला म्हणाल्या, "नुसती जाऊन बसले. लोकांना त्याचीच लई तकलीफ होती."

हे सगळं त्या का करतात असं मी एकदाच विचारलं. किल्लारीहून परतत होतो. जीपच्या दोन्ही बाजूंना पुनर्वसनातली सारख्या नकाशाची घरं मागे पडत होती. भूकंपानंतर त्या तिथे तंबूतल्या दवाखान्यात होत्या, एवढं मला माहीत होतं.

"लोक म्हणतात, मेलेल्यांचं सांगा," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मेलेल्यांचं काय सांगावं. मला धूर आठवतो. ट्रक भरभरून औषधं आली होती. चांगल्या मनानं पाठवली लोकांनी. पण निम्म्यांची मुदत संपलेली, काहींवरची भाषा कुणाला वाचता येईना. ठेवायचं कुठं? तंबूमागं खड्डा खणला. मी नवी होते, मला सांगितलं जाळा. चार-पाच दिवस जाळत होते. पुढच्या बाजूला लेकराच्या डोक्याला पट्टी बांधायची आन् मागं त्याच्याच नाकात धूर घालायचा. रातच्याला सगळा तंबू खोकायचा." मग म्हणाल्या, "कुणी मला बोललं न्हाई. सगळे म्हणाले, मठपती लई काम करती."



प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनेल बसले. बिलोली तालुक्यातलं एक केंद्र त्यात होतं. तिथला जुना जनरेटर धूर फार ओकायचा. तो दुसरीकडे हलवायच्या आदेशावर सिस्टरांनी सही केली. पहिलं वर्ष छान गेलं. लसींचा फ्रिज एकदाही बंद पडला नाही. वरिष्ठांनी पॅनेलसमोर उभं राहून फोटो काढले.

पुढच्या हिवाळ्यात, पौषात, तीन दिवस आभाळ भरून राहिलं. वाऱ्याने खांब पडून गावची वीजही गेली. चौथ्या दिवशी सकाळी त्या केंद्रात सविता नावाची पहिलटकरीण बाळंत झाली. महिना आधी. बाळ दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं. त्याला ऊब द्यायच्या यंत्राखाली ठेवलं आणि थोड्याच वेळात ते यंत्र बंद पडलं. बॅटऱ्या उतरल्या होत्या. तिथल्या सिस्टरने बाळ आईच्या छातीशी बांधलं, गरम पाण्याच्या पिशव्या केल्या, रुग्णवाहिका बोलावली. नांदेडच्या वाटेवर, नायगावच्या अलीकडे, बाळ गेलं.

बातमी आली तेव्हा सिस्टर खोलीत उभ्याच होत्या. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "जोशीसाहेब, त्या केंद्राचं काही पत्र आलं होतं का?"

आलं होतं. माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात खालून तिसरं. बॅटरीचा लाल दिवा लागतो आहे, कृपया माणूस पाठवावा, असं दोन ओळींचं. नऊ दिवस ते तिथे पडून होतं. देखभालीचं कंत्राट संपलं होतं, नवं व्हायचं होतं, ते झालं की सगळी पत्रं एकदम पाठवू असं मी ठरवलं होतं. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. घडी घातली.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"जेवून घ्या," असं म्हणून त्या पत्र घेऊन बाहेर गेल्या.

चौकशी झाली. मी दाराबाहेर बाकावर बसून होतो, पण मला आत बोलावलंच नाही. त्यांनी काय जबाब दिला ते पुढे नक्कल हातात आली तेव्हा कळलं. त्यांनी लिहिलं होतं, "पत्र आमच्या कक्षात आले होते. कक्षप्रमुख मी आहे. जनरेटर हलवण्याच्या आदेशावर सही माझी आहे. बॅटऱ्या तपासायला मी वर्षभरात गेले नाही." बाळ आधीच नाजूक होतं, मोठ्या दवाखान्यातही कदाचित वाचलं नसतं, असं डॉक्टर खासगीत म्हणत होते. सिस्टरांच्या जबाबात ते कुठेच नव्हतं. माझं नावही नव्हतं.

मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "पत्र माझ्याकडे होतं हे तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुमच्या लेकीचं परीक्षेचं वर्ष हाय," त्या म्हणाल्या. "घरात आता चौकशीचा कागद आला तर ती काय वाचणार? माझी थोडीच वर्षं राहिली. कुठं बी काढीन."

"पण चूक माझी होती, सिस्टर."

"हाव, होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी बी होती. तुमच्या चुकीनं माझी कमी होती का?"

खरं सांगायचं तर मी नंतरही कुठे लेखी काही दिलं नाही. लेकीला वैद्यकीयला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन मी सिस्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला, तिच्यासाठी शंभराची नोट दिली. त्या दिवसाचा विषय निघाला नाही.

त्यांची वेतनवाढ थांबली आणि कक्षातून बदली झाली. कुठे देऊ, असं विचारल्यावर त्यांनी तेच केंद्र मागून घेतलं. तिथे गेल्यावर त्यांनी पहिला अर्ज केला तो जनरेटर परत मिळावा म्हणून. ज्या बाईने दोन जिल्ह्यांतले जनरेटर बंद करायला जिवाचं रान केलं, तिचा हा अर्ज बघून कार्यालयात हसं झालं. मी तो घेऊन फोन केला.

"धूर कमी करायचा म्हंजे लेकरू गार पडू द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सौरऊर्जा बी पाहिजे, आन् ती थकली तर मागं हुभा ऱ्हायला जनरेटर बी पाहिजे. हे आधी सुचायला पाहिजे होतं. पाठवा."

या वेळी तो कागद मी टेबलावर ठेवला नाही. स्वतः सह्या घेत फिरलो. आठ दिवसांत जनरेटर गेला. पुढे वर्षभराचे आकडे आले त्यात तो फक्त चाचणीपुरता आणि दोन-तीन वेळा अडचणीला चालला होता. पॅनेल स्वच्छ होते, बॅटऱ्यांत पाणी वेळेवर पडत होतं. नंतर सगळ्याच केंद्रांवर हीच पद्धत लागू झाली. प्रकल्पाचा समारोप मोठ्या शहरातल्या सभागृहात झाला, तिथे या पद्धतीची तारीफही झाली. सिस्टरांना बोलावणं नव्हतं. मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. तिथं बी एसी असंल."

सविताच्या घरी त्या जायच्या, हे मला तिथल्या ड्रायव्हरकडून कळलं. पहिल्या वेळी सासूने दार लावून घेतलं. सिस्टर ओट्यावर बसून परत आल्या. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी सासूने पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला. कधीतरी मग त्या आत गेल्या असतील. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, पौषातच, त्यांचा फोन आला. निवृत्तीला महिनाभर राहिला होता. "सविताचे दिवस भरलेत," त्या म्हणाल्या. "इथंच बाळंत व्हायचं म्हणती. मी म्हटलं नांदेडला जा, तर म्हणती, तुम्ही असताना जात न्हाई." मग म्हणाल्या, "तुम्हाला यायला जमलं तर या."

मी गेलो. थंडी होती, आभाळ मात्र निवळलेलं. सिस्टरांनी सकाळी जनरेटर पाच मिनिटं चालवून बंद केला होता, रुग्णवाहिका फाटकात उभी करून ठेवली होती. तालुक्याहून डॉक्टरीण बाईंना आधीच बोलावून घेतलं होतं. स्वतः त्या आत-बाहेर करत होत्या. मी ओसरीत बसलो होतो. त्या बाहेर आल्या की माझ्याकडे बघायच्या नाहीत. दोन वर्षांत त्या खूपच वाळल्या होत्या.

दुपारी बाराच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. सविताची सासू ओसरीच्या पायरीवर बसली होती, ती तशीच बसून राहिली, उठलीच नाही. थोड्या वेळाने डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, मुलगी आहे, वजन चांगलं आहे, दोघी ठीक आहेत, म्हणाल्या. मग म्हातारी आत गेली.

मला परत निघायचं होतं, जीपवाला घाई करत होता. निरोप घ्यायला मी मागच्या अंगणात गेलो तर सिस्टर हौदावर हात धूत होत्या. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, "निघतो, सिस्टर." त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात म्हातारी नात घेऊन बाहेर आली. धुवट लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली, फक्त चेहरा दिसत होता. ती सरळ सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली आणि बाळ पुढे केलं. "घ्या, अक्का," म्हणाली.

सिस्टरांनी हात मागे घेतले. "आत्ताच धुतलेत," त्या म्हणाल्या. "गार हायत. जरा थांबा."

म्हातारी थांबली. जीप फाटकातून वळताना मी मागे पाहिलं. सिस्टर भिंतीशी, उन्हाच्या पट्ट्यात उभ्या होत्या. दोन्ही तळवे त्यांनी उन्हाकडे धरले होते, आणि समोर ती म्हातारी, बाळ घेऊन, ते हात ऊन होण्याची वाट बघत होती.